अडखळण्याची तालीम

पोरं वाचायला लागली म्हणून कुणी कपाळाला हात लावून बसल्याचं ऐकलंय कधी? या शाळेत बसले होते. खुद्द हेडसर बसले होते, केबिनचं दार लोटून, समोरचा चहा पार गार करून.

"बाई, आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला," ते म्हणाले.

समोर वाचनवर्गाच्या बाई उभ्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांना पाठीमागे सगळे 'तोफ' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. तोंडाच्या फटकळ, चालायला भरभर, आणि खोटं समोर दिसलं की गप्प बसवत नाही हा जुनाच रोग. पण आज तोफेलाही कळेना की आपल्या हातून घडलंय तरी काय.

"मी काय केलं, सर?"

"वाचायला शिकवलंत."

"मग? त्यासाठीच तर ठेवलंय मला."

"तेच तर ना!" हेडसरांनी कप उचलला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "बसा. सांगतो."

मामला असा होता. ज्या शाळांतली मुलं वाचनात मागे आहेत, त्या शाळांसाठी सरकारने एक अनुदान काढलं होतं. त्याच अनुदानातून इथला वाचनवर्ग उभा राहिला. त्यातूनच गोष्टींची पुस्तकं आली, खोलीत पंखा आणि दिवे आले, बाईंचा पगार आला. उरल्यासुरल्या पैशातून हेडसरांनी शाळेच्या गळक्या छपराची डागडुजीही करून घेतली होती, पण ते कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि आता वरून एक परिपत्रक आलं. तिसरीचा पाऊण वर्ग न अडखळता वाचायला लागला, की ती शाळा 'सक्षम' धरायची. आणि सक्षम शाळेला अनुदान कशाला? बंद करायचं, दुसऱ्या शाळेला द्यायचं.

म्हणजे औषधाने गुण आला की औषधाची बाटली काढून घ्यायची, आणि शेजारच्या खाटेवरचा अजून तापाने फणफणत असला तरी त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल ते निघो. असली डोकी नेहमी गार हवेच्या खोलीत बसलेली असतात.

"पुढच्या आठवड्यात तपासणीच्या मॅडम येतायत," हेडसर आवाज खाली आणत म्हणाले. "तिसरीच्या मुलांना एकेक करून वाचायला लावणार. तर माझं म्हणणं असं, की मुलांनी त्या दिवशी जरासं… अडखळत वाचावं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"ओरडू नका. आधी ऐकून घ्या. वर्ग बंद झाला तर तुमची नोकरी जाईल, ते एक राहू द्या. पण पहिली-दुसरीतली पोरं? ती अजून अक्षराला अक्षर जोडायला रडतायत. त्यांना कोण शिकवणार? तिसरीच्यांनी एक दिवस नाटक केलं, तर खालच्यांच्या दोन वर्षांची सोय होते. हे पाप असेल तर माझ्या नावावर लिहा."

हेडसर काही वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. या माणसाने शाळेसाठी किती उंबरे झिजवले होते, साहेबांसमोर तो किती वेळा हात जोडून उभा राहिला होता, ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं आणि "बघते" एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या. तोफेने 'बघते' म्हणावं! शिपाईमामासुद्धा त्यांच्याकडे बघतच राहिले.

घरी मात्र भांड्यांची धडगत नव्हती.

"काय गं, त्या भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं. तो पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं टीचभर दुकान होतं. ते कधी चालायचं, कधी नुसतंच उघडं असायचं. घर चालायचं ते बाईंच्या पगारावर, आणि दोघांनाही ते ठाऊक असल्यामुळे त्यावर कधी बोलणं व्हायचं नाही.

बाईंनी सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला. मग एकदम हसायचा थांबला.

"म्हणजे मी दुरुस्त केलेला पंखा गिऱ्हाइकाने न्यायच्या आधी परत बिघडवून ठेवायचा?"

"हो."

"आणि नाही बिघडवला तर?"

"तर माझी नोकरी जाते. आणि पहिली-दुसरीच्या पोरांचा वर्ग जातो."

तो हातातला पेचकस फिरवू लागला. "मी काय सांगू? मला यातलं काय कळतंय? तू काहीही कर, आपण निभावून नेऊ. फक्त जे करशील त्याचा राग परत भांड्यांवर काढू नकोस. कपाट रिकामं होत आलंय."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या रात्री त्यांनी स्वतःला पढवलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पोरांना काय, खेळच वाटेल. खालच्यांचं तर भलं होईल. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवतो बघा! दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं तर बाईंनी त्याला सोलून काढलं असतं.

वाचनवर्गाची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, मोडकी बाकं रचून ठेवायची जागा. बाईंनी बाकं बाहेर काढली, भिंती धुतल्या, खाली सतरंज्या घातल्या, आणि पुस्तकं अशी खाली मांडली की बुटक्यातल्या बुटक्या पोराचाही हात पोचावा. त्या खोलीची एक रीत होती. वाचायला नवीन असलेल्या प्रत्येक पोराला बाई पुठ्ठ्याची एक पट्टी द्यायच्या. वाचायची ती ओळ पट्टीच्या वर, बाकीचा पसारा पट्टीखाली झाकलेला. ओळी अंगावर येत नाहीत. मग एक दिवस त्या पोराला पट्टी लागेनाशी व्हायची. तेव्हा त्याने उठायचं, सगळ्यांसमोर ती पट्टी पहिलीतल्या कुणाच्या तरी हातात द्यायची, आणि ताठ मानेने परत येऊन बसायचं. टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. पण पट्टी देऊन आलेलं पोर त्या दिवशी घरी चालत जात नसे, उड्या मारत जाई.

तिसरीत एक मुलगी होती. वर्गातल्यांनी तिला 'गोगलगाय' नाव ठेवलं होतं, त्याचंच पुढे गोगी झालं. आई इस्त्रीच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करायची, बाप मालाच्या गाडीवर. वाचायची पाळी आली की गोगीला हटकून बाथरूमला जायचं असायचं. पाळी टळली की बाथरूमही टळायचं. बाईंनी तिच्यापुढे हात टेकले नाहीत एवढंच, बाकी सगळं करून झालं. आणि मग एके दिवशी पाण्याच्या नळापाशी रांग खोळंबली. पोरं ओरडायला लागली. बघतात तर गोगी नळासमोर उभी राहून भिंतीवरची 'पाणी जपून वापरा' ही पाटी वाचत होती. एकदा नाही, परत परत. आणि नळ धो धो चालू! त्या दिवशी गोगी जी सुटली ती सुटलीच. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, इस्त्रीला आलेल्या शर्टांच्या कॉलरमागचे शिक्के, काही सोडेना. वर्गात सगळ्यांत शेवटी पट्टी परत केली ती तिने, आणि ज्या पोरीला दिली तिच्या शेजारी बसून पुढचा तासभर तिला ती धरायची कशी तेही शिकवलं.

तर अशा त्या खोलीत हेडसर तालीम घ्यायला आले. येताना त्यांनी पहिलीच्या वर्गातून पट्ट्या गोळा करून आणल्या होत्या.

"मुलांनो, आज आपण एक गंमत करायची," ते म्हणाले. कॉलेजात असताना त्यांनी नाटकांत कामं केली होती, आणि ते अजून अंगातून गेलं नव्हतं. पुस्तक उघडून त्यांनी त्यात जवळजवळ नाक खुपसलं. एक शब्द वाचला. थांबले. डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं. अर्धा शब्द म्हणाले, परत मागे गेले, पुन्हा डोकं खाजवलं. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

"आता तुम्ही करून दाखवा."

मग जो काही तमाशा झाला! पोरं अडखळली, पण सगळी एकाच शब्दाला. सगळ्यांनी डोकं खाजवलं ते उजव्याच हाताने, आणि छताकडे पाहिलं ते पंख्याच्याच दिशेने. दात पडलेला एक पोरगा इतका रंगात आला की पूर्णविरामालाही अडखळला. हेडसर वैतागले. "अरे, नैसर्गिक वाटलं पाहिजे! प्रत्येकाने आपापलं अडखळा!"

बाई खिडकीशी मूग गिळून उभ्या होत्या. पोरं हसत होती ना? मग झालं तर. खेळच आहे.

मग गोगीची पाळी आली. हेडसरांनी तिच्यासमोर पट्टी धरली. तिने घेतली नाही.

"घे गं. एकच दिवस."

"मी दिलीय ती," गोगी म्हणाली. "परत घेत नाहीत."

"बरं, राहू दे पट्टी. तशीच अडखळ."

गोगीने पुस्तक उघडलं. सगळे हसायच्या तयारीत बसले. ती वाचेना. हेडसरांना वाटलं, वा, ही खरी कलाकार! पण तिने मान वर केली.

"सर, असं नसतं ते."

"काय असं नसतं?"

"अडखळणं. डोकं नाही खाजवत कुणी." तिचा आवाज बारीक होता, पण खोलीत तेवढाच उरला होता. "आधी तोंड सुकतं. मग पोटात गोळा येतो. पुस्तक दिसतच नाही, कोण हसतंय का ते आधी बघायचं असतं. मग कान गरम होतात. मग वाटतं की बाईंनी आपलं नाव विसरून जावं." ती थांबली. "मला ते परत नाही करायचं. मला येतं वाचायला."

कुणी हसलं नाही. दात पडलेल्या पोराने डोक्यावर गेलेला हात हळूच खाली घेतला. त्यालाही ते सगळं आठवलं असावं, कारण त्यानेही पट्टी परत करून फार दिवस झाले नव्हते.

आणि बाई? बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. खेळ म्हणे! जे पोरांच्या पोटातून उपसून काढायला त्यांनी घसा कोरडा केला होता, तेच त्या आता सरांना परत पेरू देत होत्या, आणि वर खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"सर, तालीम संपली," त्या म्हणाल्या.

"बाई, अजून…"

"संपली म्हटलं ना. बाहेर या."

व्हरांड्यात तोफ धडाडली. शिपाईमामा झाडू टाकून टाकीमागे गेले, ते ऐकू यावं म्हणूनच.

"मी नाही करणार हे, सर. आणि माझ्या पोरांना करू देणार नाही."

"आणि पहिलीची पोरं? त्यांचं काय करणार आहात? सांगा ना!"

"माहीत नाही! मला नाही माहीत, झालं समाधान? पण थोरल्यांचा गळा दाबून धाकट्यांना बोलायला शिकवायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आज ही पोरं मॅडमसमोर अडखळतील. पुढच्या वर्षी त्यांच्यापाठची अडखळतील. म्हणजे दरसाल आपण शिकवायचं, आणि दरसाल लाजायला लावायचं? कशाला ठेवायचा मग हा वर्ग?"

"तपासणीच्या दिवशी तुम्ही रजा टाका."

"टाकत नाही."

"मग निदान तोंड बंद ठेवा."

"तेही जमेल असं दिसत नाही."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमच्या घरचं कसं चालणार, बाई?" आणि हे त्यांनी धमकी म्हणून विचारलं नव्हतं, काळजीने विचारलं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

"अर्धपोटी राहू," बाई म्हणाल्या. "पण जे जेवू ते घशाखाली उतरेल."

तपासणीच्या दिवसापर्यंत पोरांची पार त्रेधा उडाली. बाई सांगायच्या, येतं तसं वाचा. आणि हेडसरांनी सकाळच्या रांगेत हळूच जाहीर केलं होतं, की जो नीट अडखळेल त्याला खेळाचा तास जादा. आता बोला! तिसरीतल्या पोरापुढे एकीकडे सत्य आणि दुसरीकडे खेळाचा तास.

तपासणीच्या मॅडम आल्या. सकाळपासून दुसऱ्या दोन शाळा करून आल्या होत्या, चेहऱ्यावर थकवा होता. टेबलाखाली त्यांनी चपला काढल्या आणि एका पायाने दुसरा पाय चोळत बसल्या. पुस्तक त्यांनी स्वतःचं आणलं होतं, पोरांनी कधी न पाहिलेलं. हेडसर त्यांच्या उजव्या हाताला. बाई भिंतीशी.

पहिलाच उठला तो दात पडलेला. त्याने बाईंकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेरच्या मैदानाकडे पाहिलं. मैदान जिंकलं. एक शब्द वाचून तो थांबला, आणि त्याचा हात सवयीने डोक्याकडे गेला.

"थांब," बाई म्हणाल्या.

मॅडमनी मान वर केली. "बाई, वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. नियम आहे."

"माहीत आहे, मॅडम. माझ्या नावापुढे हवं ते लिहा." बाई भिंतीपासून पुढे आल्या. आवाज ठणठणीत होता. "काय रे, येतं ना तुला वाचायला?"

"येतं."

"मग?"

"सर म्हणाले होते, की…" पोराने जीभ चावली.

हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे, आणि काही ऐकलंच नाही असं दाखवून पान नीट केलं. "पुन्हा सुरू कर, बाळ," त्या म्हणाल्या.

पोराने वाचलं. थांबत थांबत नाही, धावत वाचलं, जणू खेळाचा तास तिथेच उरकून घेत होता. मग दुसरं पोर, मग तिसरं. एकाने दोन शब्द खाल्ले, एकीने एक ओळ गाळली आणि आपण होऊन मागे येऊन घेतली. खरी पोरं खरी वाचत होती, आणि बाई ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. प्रत्येक ओळीबरोबर आपली नोकरी एकेक पायरी खाली चाललीय, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि तरी छाती अशी भरून आली होती की श्वास घ्यायला जागा नव्हती. एवढा आनंद आणि एवढी भीती एकाच वेळी त्यांना आयुष्यात कधी झाली नव्हती.

गोगी उठली. पुस्तक हातात घेतलं. तीन-चार ओळी गेल्या, आणि एक लांबलचक शब्द आला. गोगी थबकली. हे नाटक नव्हतं. तिचे ओठ सुकले, कान लाल झाले, नजर पुस्तकावरून उडाली आणि कोण हसतंय ते शोधायला सगळ्या खोलीभर फिरली. हेडसर खुर्चीत पुढे सरकले. मॅडमनी पेन उचललं.

कुणी हसत नव्हतं. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना तो शब्द ओरडून सांगावासा वाटत होता, पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून ठेवले.

गोगीने नजर परत पुस्तकात आणली. ओळीच्या सुरुवातीला गेली. त्या शब्दापाशी आली, त्याचे तुकडे केले, जोडले, आणि तो शब्द अख्खा म्हणून पुढे गेली. मग थांबली नाही.

"बास, छान," थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

गोगीने पुस्तक दिलं नाही. "अजून पान संपलं नाही," ती म्हणाली.

आणि मॅडमचा हात तसाच हवेत धरलेला असताना तिने पान शेवटपर्यंत वाचलं. मगच पुस्तक दिलं.

सगळी पोरं झाल्यावर मॅडमनी कागद आवरले. "पाऊण काय, सगळाच वर्ग वाचतोय," त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"तरी मध्ये बोललात?"

"मला पोरांना वाचायला शिकवायला ठेवलंय, मॅडम. न वाचायला शिकवायला दुसरं कुणीतरी नेमा." बाईंचा बांध फुटलाच. "आणि ज्याने हा नियम केला ना, त्याला एकदा इथे पाठवा. पहिलीच्या वर्गात बसवा. सक्षम झालात का, हे त्याला तिथल्या पोरांनाच विचारू दे."

"नियम मी करत नाही."

"करत नाही, पण पाळता ना! मग वर जाऊन सांगा तरी, की हा नियम चुकीचा आहे."

"सांगितलंय," मॅडम चपलांत पाय सरकवत म्हणाल्या. "याआधीही सांगितलंय. परत सांगेन." कागद काखेला मारून त्या निघून गेल्या. गोष्टीतल्यासारखा चमत्कार करायला त्या काही परी नव्हत्या. पाय दुखणारी नोकरदार बाई होती.

आदेश यायला वेळ लागला नाही. चांगल्या कामाचा आदेश वर्षभर वाटेत लोळतो, बंद करायचा आदेश मात्र धावत येतो. महिनाअखेरीला बाईंचा शेवटचा दिवस ठरला. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणी त्यांच्याकडे सरळ बघेना. एकजण म्हणाली, "थोडं नमतं घेतलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या. माझी पाठ वाकत नाही." आणि चहा न घेताच उठल्या.

वाचनवर्गाच्या खोलीपाशी आल्या तर दारासमोर ही गर्दी. हेडसरांनी सकाळीच दारावर सूचना चिकटवली होती. पहिलीची सगळी चिल्लीपिल्ली, आपल्या तासाला आलेली, त्या कागदाकडे माना वर करून बघत होती. काय लिहिलंय ते एकालाही कळत नव्हतं. शेवटी कुणीतरी जाऊन तिसरीच्या वर्गातून गोगीला ओढत आणलं.

"वाच ना गं. काय लिहिलंय?"

गोगी पुढे झाली. बाई चार पावलं मागे, टाकीच्या कडेला थांबल्या. त्यांना पुढे जाववेना.

"सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात येते," गोगी वाचू लागली, खणखणीत, एकाही शब्दाला न थांबता, "की वाचनातील प्रगती समाधानकारक आढळल्यामुळे सदर वाचनवर्गाची आवश्यकता उरलेली नाही. उद्यापासून हा वर्ग बंद राहील."

"म्हणजे काय?" पहिलीतल्या एकीने विचारलं.

गोगी कागदाकडे बघत राहिली. तिने तो मनातल्या मनात परत एकदा वाचला असावा.

"म्हणजे," ती म्हणाली, "आम्हाला यायला लागलं, म्हणून तुम्हाला शिकवणार नाहीत."

इतकी मोठी माणसं, इतकी परिपत्रकं, बाईंची आणि सरांची इतकी हमरीतुमरी, आणि या पोरीने ते एका वाक्यात उघडं करून ठेवलं. पहिलीतली ती पोरगी आधी गोगीकडे बघत राहिली, मग तिने बाईंना पाहिलं. ती रडली नाही. नुसती बघत होती, आणि ते बघणं बाईंच्याने सहन होईना.

हेडसर व्हरांड्यातून येत होते. "बाई, खोलीची किल्ली तेवढी…"

बाईंनी किल्ली काढली. दार उघडलं. आणि किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"चला रे, आत," त्या पहिलीच्या पोरांना म्हणाल्या. "बसा. गोगे, तूही बस. त्या खिडकीकडच्या चौघांना तू घे."

पोरं भर्रकन आत घुसली. हेडसर दारात येऊन उभे राहिले. "बाई, अहो, असं नका करू. वर्ग बंद झालाय."

"उद्यापासून. वाचा ना, तुम्हीच लिहिलंय."

"आणि उद्या?"

"उद्या मी येणार आहे, सर. पगार नाही द्यायचा, नका देऊ. खोली नाही द्यायची, टाकीपाशी बसेन. तिथून हाकललंत तर फाटकाबाहेर बसेन. रस्ता तर अजून कुणी सक्षम ठरवून बंद केलेला नाही ना?"

"मला परत सूचना लावावी लागेल हो, बाई," हेडसर अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले. "बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश नाही म्हणून. वरून विचारतील मला."

"लावा की! हव्या तेवढ्या लावा. सगळ्या भिंती भरून टाका," तोफ म्हणाली. "एक तरी सूचना आता या शाळेत न वाचलेली राहते का बघू."

आणि तिने सरांच्या तोंडावर दार ओढून घेतलं.